लंगोटाचा पक्का

माझा धाकटा भाऊ आता म्हातारा झाला आहे. तरी संध्याकाळी तो ओट्यावर येऊन बसला की गल्लीतली पोरं त्याच्याभोवती जमतात. कोणी दंड फुगवून दाखवतो, कोणी मांडी थोपटतो, आणि हा त्यांना ज्ञान वाटतो. घाम म्हणजे वितळलेली चरबी. व्यायामावर पाणी प्यायलं की रक्त पातळ होतं. अंग दुखतंय तोवर ताकद वाढतेय असं समजावं. तूप पोटात गेलं की सरळ दंडात उतरतं. आणि सर्वांत शेवटी, आवाज खाली आणून, ब्रह्मचर्य. "मी एकदा चुकलो," असं म्हणून तो आभाळाकडे बघतो. पोरंही आभाळाकडे बघतात. चूक कोणती हे तो सांगत नाही. आत चुलीपाशी त्याची बायको भाकरी थापत असते आणि तिला सगळं ऐकू येतं.

मला हे ऐकवत नाही. मी तिथून उठून जातो. पण उठून गेल्यानं खोटं खरं होत नाही, म्हणून काय घडलं ते लिहून ठेवतो.

मी भाजीचा व्यापारी. बाप लहानपणी गेला, पाठोपाठ आई गेली, तेव्हा मी टोपली डोक्यावर घेऊन गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठच्या बाजारात, बसायला लागलो. कोणी हात दिला नाही. पुढे मखमलाबादेकडचे, दिंडोरीकडचे वांग्याचे, कोथिंबिरीचे मळे उभ्या पिकात घेऊ लागलो, दोन बैलगाड्या केल्या, भावाला वाढवलं, त्याचं लग्न लावलं. माझं तोंड वाईट आहे हे गंगेवरचा कोणीही सांगेल. पण सौदा करताना मी एक गोष्ट शिकलो. समोरचा माणूस जे ओरडून सांगतो ते कधीच धरायचं नाही; वांगं हातात घ्यायचं, देठ बघायचा. तालमीतल्या लोकांनी जन्मात कधी देठ बघितला नाही.

ते दिवस एकोणीसशे तीसच्या पुढचे. नाशकात तेव्हा शरीर कमावण्याची हवा होती. गल्लीगल्लीत तालमी, कोणाच्या माडीवर सूर्यनमस्कार, कोणाच्या अंगणात मल्लखांब. चांगली गोष्ट आहे. अंग हलवावं, घाम गाळावा, हे मला कोणी शिकवायला नको. मी पोती उचलून मोठा झालो. पण नदीच्या पलीकडे ज्या तालमीत माझा भाऊ जायचा, तिथे व्यायाम कमी आणि व्यायामाबद्दलच्या गप्पा जास्त. तिथली लाल माती हळद, ताक आणि तेल घालून मळलेली असायची. ती अंगाला लागली की कुठलीही जखम भरते म्हणत. भावाच्या पाठीवर तिनंच गळवं उठली. मी म्हटलं, हे काय? तर म्हणे, आतली घाण बाहेर पडतेय. कान मोडून भजीसारखे झाले की मोठा पैलवान. माझ्या गाडीचा बैलही कानाला अधू होता, पण त्याला कोणी फेटा बांधला नाही.

या तालमीचा एक वस्ताद होता. पोट पुढे आलेलं, मान खांद्यात बुडालेली. तरुणपणी त्यानं कोणाकोणाला आस्मान दाखवलं याची यादी मोठी होती, पण त्यातला एकही माणूस जिवंत नव्हता, त्यामुळे विचारायची सोय नव्हती. आणि तालमीचे आश्रयदाते म्हणून एक वकील होते. हे रोज सकाळी आरशासमोर उभे राहून विलायती चित्राबरहुकूम डंबेल्स फिरवायचे आणि रविवारी तालमीत येऊन पोरांना वीर्यरक्षणावर व्याख्यान द्यायचे. इतकं अन्न पचलं की रक्ताचा एक थेंब, इतके थेंब रक्त आटलं की वीर्याचा एक थेंब, असा त्यांचा हिशोब. घरी तिसरी बायको आणि पाळणा कधी रिकामा नाही. एकदा मी त्यांना म्हटलं, "वकीलसाहेब, तुमच्या हिशोबानं तुम्ही आत्तापर्यंत वारायला पाहिजे होतं." तेव्हापासून त्यांचा माझ्यावर राग.

भाऊ मात्र खरोखर चांगला लढायचा. चपळ होता. दसऱ्याला वस्तादानं त्याला तालमीतल्या मारुतीसमोर उभं केलं आणि वर्षभर ब्रह्मचर्य पाळण्याची शपथ घ्यायला लावली. लग्नाला तेव्हा वर्षही झालेलं नव्हतं. वस्ताद माझ्या घरी आला, ओट्यावर बसला, माझ्या बायकोनं दिलेलं दूध प्याला आणि मिशा पुसून म्हणाला, "धाकट्या सुनेला माहेरी धाडा. वर्षाचा प्रश्न आहे. पुढच्या दसऱ्याला आणा परत."

मी म्हटलं, "तिनं काय केलं?"

"तिनं काही करायला लागत नाही. नुसती घरात असली तरी पोराचं लक्ष उडतं. पैलवानाचं तूप असं गळून जातं."

"मग चुलीवरच्या तुपाला झाकण घालतो. सून कशाला पाठवू?"

"दादा," भाऊ मधेच म्हणाला, "वस्तादांसमोर असं बोलू नये."

आमच्याकडे अशी चाल होतीच. कुस्त्यांच्या हंगामात पैलवानाची बायको माहेरी जायची. दिंडोरीला तिचा बाप, साधा मळेकरी, त्याचीच वांगी मी घ्यायचो. भावजय गेली. जाताना माझ्याशी एक शब्द बोलली नाही, कारण थोरल्या दिरासमोर बोलायची पद्धत नव्हती. ती पदर ओढून गाडीत बसली. तिच्या हाताला जात्याचे घट्टे होते. पहाटे उठून ती आमच्या सगळ्या घराचं पीठ दळायची, मग गंगेवरून पाणी आणायची. तिच्या खांद्यात जी ताकद होती ती त्या तालमीतल्या अर्ध्या पोरांत नव्हती, पण जात्यावर बसलेल्या बाईला कोणी वस्ताद शाबासकी देत नाही.

आता मी काय केलं ते ऐका. दिंडोरीचा माल आणायला मला कोणीतरी माणूस पाठवावाच लागायचा. मी भावाला पाठवायला लागलो. सकाळची तालीम आटोपली की तो गाडी जुंपायचा, मुक्कामाला सासऱ्याच्या मळ्यात, दुसऱ्या दिवशी माल भरून परत. वस्तादानं मला विचारलं, "पोराला कुठं पाठवता?" मी म्हटलं, "जिथं माल चांगला मिळतो तिथं." त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. आणि मला यात आजही काही वावगं वाटत नाही. नवरा बायकोला भेटायला गेला. देवाचं यात काय गेलं? भाऊ परत यायचा तेव्हा गाडीवर गाणं म्हणत यायचा. पोटभर जेवायचा, गाढ झोपायचा. आणि त्या हिवाळ्यात तो एकही कुस्ती हरला नाही. माघात, फाल्गुनात, जिथे गेला तिथून फेटा बांधून आला.

वकिलांना मोठा आनंद झाला. रविवारच्या व्याख्यानात त्यांनी भावाला सगळ्यांसमोर उभं केलं. "पाहा," म्हणाले, "हे तेज बघा. हा लंगोटाचा पक्का आहे. पाच महिने झाले, घरात स्त्रीचा वारा नाही." पोरं तोंडं उघडी टाकून बघत होती. भाऊ खाली मान घालून उभा होता, आणि ती मान विनयानं खाली आहे असं सगळ्यांना वाटलं. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. हसू आवरायला मला पानाची पिचकारी टाकायला बाहेर जावं लागलं.

चैत्रात दिंडोरीहून निरोप आला. भावजयीला दिवस गेले होते. पहिलटकरीण. आमच्या घरी आनंद व्हायला पाहिजे होता आणि झालाही; माझी बायको त्याच दिवशी चोरओटीची तयारी करायला लागली. पण बातमी आमच्या घरात थांबली नाही. बाजारात बायका बोटांवर महिने मोजतात. दसऱ्याला माहेरी गेली, आणि आत्ता तिसरा महिना. म्हणजे शपथेनंतरचं आहे. म्हणजे एक तर पैलवानानं मारुतीची शपथ मोडली, नाहीतर मूल पैलवानाचं नाही. दोनच वाटा, तिसरी नाही.

वकिलांची झोप उडाली. ज्याला त्यांनी गावासमोर उभा करून तेज दाखवलं होतं, त्याचं तेज दिंडोरीच्या मळ्यात जाऊन येत होतं हे लोकांना कळलं तर रविवारचं व्याख्यान कोण ऐकणार? वस्तादाचं पुढचं गणित वेगळं. वैशाखात त्र्यंबकच्या वाटेवर एका गावची जत्रा होती, तिथे भावाची हंगामातली शेवटची मोठी कुस्ती ठरलेली. दोघांनी मिळून भावाला तालमीत बोलावलं. सगळी पोरं बसलेली. मीही गेलो, मला कोणी बोलावलं नव्हतं तरी.

वस्ताद म्हणाला, "मारुतीच्या पायावर हात ठेव आणि सांग. तू बायकोजवळ गेलास का?"

मी म्हटलं, "गेला. मीच पाठवला."

वस्तादानं माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. "सकाळी किडक्या वांग्यावर खोटं बोलणारा माणूस दुपारी मारुतीसमोर खरं बोलेल होय?" पोरं हसली. माझ्या वीस वर्षांच्या कष्टांची ही किंमत. मी टोपली वाहिली तेव्हा हे सगळे आयतं दूध पीत होते.

भावानं मारुतीच्या शेंदराला हात लावला. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, "मी गेलो नाही."

एवढंच. त्याला वाटलं, एक कुस्ती आहे, होऊन जाऊ दे, मग बघू. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत. लोकांना काय म्हणायचं होतं ते त्याच्याबद्दल नव्हतंच, हे त्या रेड्याच्या डोक्यात शिरलं नाही. तूप बहुतेक दंडात न उतरता डोक्यात गेलं होतं.

माझी बायको ओटीचं सामान घेऊन माझ्याबरोबर दिंडोरीला आली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. व्याही दारात उभा होता. त्यानं आम्हाला आत बोलावलं, पाणी दिलं, पण चटई घातली नाही.

"पाव्हनं," तो म्हणाला, "तुमचा भाऊ मारुतीम्होरं नाय म्हनला. आता वटी कसली भरता?"

"तुम्ही त्याला डोळ्यांनी बघितलाय. तुमच्याच मळ्यात राहत होता."

"म्या बघितलाय. माझ्या बायकोनं त्याला वाढलंय. समद्या गावानं तुमची गाडी बघितलीय. पर आमच्या बघन्यानं काय व्हतं? जावई नाय म्हनतो, तर गाव जावयाचं धरतंय. काल विहिरीवर माझ्या पोरीला कुनी शेजारी उभं राहू दिलं नाय."

माझी बायको आत गेली. भावजय चुलीशी बसून होती. ओटी घेईना. माझी बायको तिच्याशी पुष्कळ बोलली, मी बाहेर ऐकत होतो. शेवटी ती एवढंच म्हणाली, "जाऊबाई, मला ओटी नको. माझ्या पोराला बाप पाहिजे."

नारळ घेऊन आम्ही परत आलो. वाटेत मी बैलांना इतकं मारलं की बायकोनं माझ्या हातातून चाबूक काढून घेतला.

घरी भावाला मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो म्हणायचा, "दादा, एवढी जत्रा होऊ दे." वस्तादानं त्याला आता घरी येऊच देणं बंद केलं होतं. तालमीतच झोपायचा. पुन्हा दिंडोरीकडे जाऊ नये म्हणून दोन पोरं राखणीला. जोर-बैठका दुप्पट केल्या. वैशाखाचं ऊन, नाशकात रस्त्यावर पाय ठेववत नव्हता, आणि याला पाणी तोडलेलं. अंग कडक व्हायला पाहिजे म्हणे. पाणी प्यायलेला पैलवान मातीच्या मडक्यासारखा झिरपतो. पाण्याऐवजी धारोष्ण दूध आणि कच्चं तूप. दोन दिवसांत पोट बिघडलं. परसाकडे जाऊन जाऊन डोळे आत गेले. वस्ताद म्हणाला, शुद्ध होतोय. वजन उतरलं, तर म्हणे, फालतू मांस झडतंय. झोपेतून पाय दुखून ओरडायचा, तर म्हणे, ताकद भरतेय. त्या तालमीत एक गंमत होती. माणूस मरायला टेकला तरी ते त्याची प्रगतीच धरायचे.

मी एकदा भाकरी, पिठलं आणि पाण्याची कळशी घेऊन गेलो. राखणीच्या पोरांनी दारातच अडवलं. मी त्यातल्या एकाच्या कानाखाली दिली. तेवढाच त्या हंगामात मला आनंद.

जत्रेला मी गेलो. भावाच्या समोर सिन्नरकडचा एक गडी होता. अंगानं बारका, काळा, लंगोटसुद्धा विटलेला. कुस्तीच्या आधी तो विहिरीवर गेला आणि पोटभर पाणी पिऊन आला. आमचा वस्ताद मोठ्यानं म्हणाला, "पखाल आली रे, पखाल." लोक हसले. भाऊ हसला नाही. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

सुरुवातीला भावानं त्याला दोनदा खाली घेतलं. सवय होती, डाव हातात होते. मग तो डावा पाय टेकवून उभा राहिला आणि पाय तसाच राहिला. पोटरीत गोळा आला होता. हात गुडघ्याकडे गेला, आणि त्या बारक्या गड्यानं त्याला शेळी उचलावी तसा उचलून पाठीवर टाकला. आस्मान दाखवलं. धूळसुद्धा फार उडाली नाही. भाऊ उठला तो पोटरी धरून. मी त्याला गाडीत घातलं, पाणी पाजलं. तो इतकं पाणी प्याला की मला भीती वाटली.

परतीच्या वाटेवर मला एक गोष्ट सुचली. सौद्यात असं असतं की आपल्याला जे घ्यायचं आहे तेच आपण मागायचं नाही. आपण त्याला इतका डिवचायचा की तो स्वतःच माल समोर आणून आपटतो.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. व्याही वांगी घेऊन गंगेवर आला होता. मी त्याच्या मालाला हात लावला नाही. म्हटलं, "माझ्याबरोबर चला. बोलू नका. फक्त ऐका." आणि त्याला घेऊन मी तालमीत गेलो.

तालमीत सुतक पडल्यासारखं होतं. वकील आले होते. भाऊ कोपऱ्यात बसला होता, पाय लांब करून. पोरं माती उकरत होती. मी वस्तादासमोर जाऊन उभा राहिलो.

"वस्ताद, माझा भाऊ हरला कसा?"

"नशीब."

"म्हणजे तुमची तालीम नशिबावर चालते?"

त्याचे कान लाल झाले. "माझ्या तालमीत काही कमी नाही."

"जोर कमी पडले असतील."

"दुप्पट काढले पोरानं."

"मग दूध पाण्याचं असेल. दूध वकीलसाहेबांकडचं ना?"

"माझ्या गोठ्यातलं आहे ते," वकील म्हणाले. "थेंब पाणी नाही त्यात."

"मग डाव चुकीचे शिकवले असतील. म्हातारपणी विसरतो माणूस."

पोरांनी माती उकरायची थांबवली. वस्ताद उभा राहिला. "या हातानं मी चाळीस पैलवान तयार केलेत. डाव चुकीचा नाही, दूध चुकीचं नाही, जोर कमी नाहीत."

"मग चूक तुमचीच. दुसरं कोण उरलं?"

"हा उरला." त्यानं भावाकडे बोट दाखवलं. "हा लंगोटाचा कच्चा निघाला. गेला असेल बायकोकडे. ताकद तिथं घालवून आला."

वकील म्हणाले, "वस्ताद, जरा थांबा."

मी म्हटलं, "तुम्ही काहीही बोलता. त्यानं मारुतीच्या पायावर हात ठेवून सांगितलंय, गेला नाही म्हणून. तुम्हीच सांगायला लावलंत."

"खोटं बोलला तो."

"पुरावा काय?"

"पुरावा? बायको पोटुशी आहे, आणखी काय पुरावा पाहिजे?"

"म्हणजे मूल त्याचं?"

"त्याचं नाही तर काय माझं?"

"वस्ताद," वकील पुन्हा म्हणाले. ते हुशार होते, त्यांच्या लक्षात आलं होतं. पण वस्तादाचं आता कोणाकडे लक्ष नव्हतं.

"तसं मारुतीकडे तोंड करून सांगाल?"

"सांगतो की." तो वळला, हात जोडले आणि घसा फाडून म्हणाला, "बजरंगा, या पोरानं शपथ मोडली. हा दिंडोरीला बायकोकडे जात होता. मूल याचंच आहे. म्हणून हा पडला. माझ्या शिकवणीत खोट नाही."

पोरांसमोर, वकिलांसमोर, दारातून डोकावणाऱ्या चार गाववाल्यांसमोर. व्याही उंबऱ्यात उभा होता. त्यानं पागोटं काढून उंबऱ्याला डोकं टेकवलं, मग माझ्याकडे बघितलं. "झालं," म्हणाला. "ऐकलं."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ सौदे मारले, पण इतकं मूर्ख गिऱ्हाईक पुन्हा भेटलं नाही. एका खोट्या समजुतीपायी त्यानं माझ्या भावजयीचं नाव घालवलं होतं, आणि त्याच खोट्या समजुतीपायी स्वतःच्या तोंडानं परत दिलं. तहान, हगवण, वैशाखाचं ऊन, दुप्पट जोर-बैठका, यातलं काहीच त्याला दिसलं नाही. त्याला दिसली ती बायको. मी खूश होतो. मला वाटलं, काम झालं.

काम झालं नव्हतं. दोन दिवसांनी मी आणि माझी बायको पुन्हा दिंडोरीला गेलो. या वेळी चटई घातलेली होती, चहा मिळाला. गावातल्या दोन म्हाताऱ्या ओटीला म्हणून येऊन बसल्या होत्या. माझ्या बायकोनं खण काढला. भावजय आतून बाहेर आली, पदर सारखा केला, आणि मधे कोणाला न घालता सरळ माझ्याशी बोलली. पहिल्यांदाच.

"भाऊजी, वस्ताद म्हणाले ते बाबांनी सांगितलं. आमचे हे काय म्हणाले?"

मी म्हटलं, "तो तिथंच होता. मान खाली घालून होता. नाही म्हणाला नाही."

"नाही म्हणताना त्यांना तोंड होतं. आता हो म्हणायला नाही?"

"होईल हळूहळू. तू आधी घरी चल."

"मी येणार नाही. त्यांनी इथं यायचं. आठवड्याच्या बाजाराला यायचं, रस्त्यावरून, सगळ्यांच्या देखत. आणि सांगायचं."

मी म्हटलं, "बाजारात कशाला? घरी येऊन सांगेल. तुझ्या बाबांसमोर सांगेल."

"बाजारात."

"बरं, देवळात. पाटलासमोर."

"भाऊजी, विहिरीवर ज्यांनी मला उभं केलं नाही, त्या पाटलाच्या घरी राहत नाहीत."

मी आणखी दोन-तीन वाटा काढून बघितल्या. ती तसूभर सरकली नाही. तिचा बाप खाली बघून हसत होता. मला राग आला आणि राग कोणावर काढावा ते कळेना.

घरी भावाला सांगितलं. तो म्हणाला, "दादा, एकदा मारुतीसमोर बोललो. आता उलटं बोललो तर पाप डोक्यावर."

"मारुतीला पहिल्यापासूनच ठाऊक होतं तू कुठं जातोस. त्यानं तुला फाल्गुनापर्यंत जिंकून दिलं. तुझ्यापेक्षा तो समजूतदार आहे."

"पण हरलो ना. त्यामुळेच हरलो."

म्हणजे हे त्याच्याही डोक्यात बसलं होतं. ज्या बाईकडे जाऊन येऊन तो सगळा हिवाळा जिंकला, तिच्याचमुळे हरलो असं त्याला खरोखर वाटत होतं. आणि ज्या वस्तादानं त्याला तहानेनं मारलं त्याच्याबद्दल मनात काही नाही. दगडाला पाझर फुटेल, पण तालमीत मळलेल्या डोक्याला फुटणार नाही. मी त्याला म्हटलं, "जिथं जायचंय तिथं जा. पण दिंडोरीला गेल्याशिवाय या घरात पानावर बसायचं नाही." माझ्या बायकोनं खरंच त्याचं ताट मांडणं बंद केलं. तालमीतही आता त्याला कोणी बसू देत नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी उठून मी पाहिलं तर गाडी जुंपलेली होती आणि तो पुढे बसला होता. मी मागे चढलो.

दिंडोरीचा बाजार भरला होता. मिरच्यांचे ढीग, मेथीच्या जुड्या, कोंबड्या, मधे वाट काढत माणसं. भावजय आईशेजारी वांग्यांच्या ढिगापाशी बसली होती. तिनं त्याला येताना बघितलं आणि उठली नाही. भाऊ तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. इतका मोठा गडी, खांदे दारात न मावणारे, आणि उभा असा की कोणी मास्तरानं पट्टी मारायला बोलावलंय.

तो काहीतरी पुटपुटला. मला जवळ उभं असून ऐकू आलं नाही.

"काय?" भावजय म्हणाली.

"मी येत होतो."

"कुठं?"

"इथं. मळ्यात. तुझ्याकडे." "मूल माझं आहे."

शेजारची मेथीवाली म्हातारी जुड्या बांधता बांधता म्हणाली, "आरं, ते आमाला ठाव हाय. तुझी गाडी वळखत नाय व्हय आमी? पर तू त्या तिकडल्यांस्नी सांग, त्यांस्नी ऐकू आलं नाय."

पलीकडे, मिरच्यांच्या ढिगांच्या पुढे, विहिरीवरच्या बायका उभ्या होत्या. भावजयीनं त्या दिशेला हनुवटीनं दाखवलं. भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी वांगं उचलून देठ बघायला लागलो. मग तो वळला, मिरच्यांच्या ढिगांमधून पुढे गेला आणि मोठ्यानं म्हणाला. दोनदा म्हणाला. तिकडच्या बायका बोलायच्या थांबल्या, एकीनं पदर तोंडाला लावला.

तो परत आला तेव्हा भावजय उठून उभी होती. तिनं बोचकं त्याच्या हातात दिलं, आईच्या पाया पडली आणि त्याच्या पुढे चालत गाडीकडे निघाली.